काजूच्या एका गरात कोणाचा किती वाटा?

जत्रेची रात्र होती. पालखी देवळाभोवती फिरून झाली होती आणि दशावतार सुरू व्हायला अजून अवकाश होता. खाज्याच्या दुकानामागच्या बाकड्यावर आबा, माझा भाचा आणि मी बसलो होतो. आबा १९८२च्या संपापर्यंत परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते. भाचा गोव्यातल्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याची बातमी त्याच्या मोबाइलवर उघडी होती.

"आबा, आता संप करूचो झालो तर चवदा दिस आदी सांगूक होया."

"तुझ्या कारखान्यात युनियन आसा?"

"नाय."

"मगे तुका चवदा दिस काय नि चवदा वर्सां काय!"

आजूबाजूचे हसले. भाचाही हसला, पण मग मला विचारू लागला. युनियन असती तर नेमकं काय झालं असतं? कारखाना एवढा माल परदेशी पाठवतो, मग आमचा पगार तिथेच का अडकलाय? आणि युनियन एवढी चांगली होती, तर आबा गिरणी सोडून गावी का आले? तिन्ही प्रश्न रास्त होते आणि बाकड्यावर बसून उत्तर देण्याजोगा त्यांतला एकही नव्हता. इथे सवडीने देतो.

होडीवरचा हिशोब

सुरुवात होडीपासून करू, कारण उत्पन्नाची वाटणी होडीवर उघड्या डोळ्यांनी दिसते. समजा एका फेरीत लाखभर रुपयांची मासळी मिळाली. डिझेल, बर्फ, राशन असा चाळीस हजारांचा खर्च वजा केला की साठ हजार उरतात. ठरल्याप्रमाणे त्यातले निम्मे होडीचे, म्हणजे मालकाचे. उरलेल्या तीस हजारांचे दहा वाटे पडतात. तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, दोन आणि आठ खलाशांना एकेक, म्हणजे खलाशाच्या हातात तीन हजार.

पुढच्या वर्षी मालक म्हणतो की नवं इंजिन घेतलं, फिशफाइंडर बसवला, आता होडीचे दोन हिस्से आणि माणसांचा एक. समुद्र तोच, मासळी तेवढीच, खलाशाची रात्रही तेवढीच लांब. पण साठातले वीसच हजार माणसांकडे आले आणि वाटा दोन हजारांवर उतरला.

मालक खोटं बोलत नाही. इंजिनाला पैसे लागलेत आणि कर्जाचा हप्ता त्याच्या डोक्यावर आहे. पण निम्म्याऐवजी एक तृतीयांश हे कोणी ठरवलं? समुद्राने नाही आणि मासळीनेही नाही. ते ठरलं 'नाही' म्हणायची ताकद कोणात किती आहे त्यावर. अर्थशास्त्रात हिला सौदाशक्ती म्हणतात. उत्पन्नातली विषमता म्हणजे देशभरच्या अशा सगळ्या होड्यांवर वाटे कसे पडले त्याची बेरीज. माणसाचं शिक्षण, कसब, नशीब हे सगळं त्यात येतंच, पण सौदाशक्ती वगळून केलेला हिशोब जुळत नाही.

आणि हो, आता बऱ्याच ट्रॉलरवर वाटा राहिलेलाच नाही. नेपाळहून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेला खलाशी ठरलेल्या पगारावर असतो, हंगामापूर्वी उचल घेऊन येतो. मासळी वाढली म्हणून त्याचा पगार वाढत नाही.

युनियन म्हणजे पावसाळी बंदी

कोकणात युनियन समजावून सांगायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे पावसाळ्यातली मासेमारी बंदी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला. ही मासळीच्या विणीची वेळ. आता असं बघा, एकट्याने होडी बंद ठेवली तर त्याचं नुकसान, कारण त्याने सोडलेली मासळी शेजारचा नेणार. सगळ्यांनी ठेवली तर कोणाचंच नुकसान नाही, उलट पुढे जाळं भरतं. कायदा यायच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी बाहेर काढायची नाही, हा रिवाज होताच.

पगाराचंही असंच. एकटा खलाशी म्हणाला की तीन हजारांखाली येणार नाही, तर मालक दुसरा बघतो. सगळे म्हणाले तर मालकाला बसून बोलावं लागतं. या बसून बोलण्याला सामूहिक वाटाघाट म्हणतात, आणि युनियनचं मुख्य काम तेच. संप, मोर्चा, घोषणा हे त्याचं शेवटचं टोक. भारतात युनियनला कायद्याने जागा मिळाली ती १९२६च्या ट्रेड युनियन्स अॅक्टने, पण माणसं त्याआधीच जमू लागली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना १८८४ साली बांधली आणि गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली १८९० साली. आज रविवारी मटण-वडे खाताना त्यांची आठवण कोणाला येत नाही, ते सोडा.

बंदीतली खाच इथेच ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बंदी जितक्या समुद्रावर पाळली जाते तितक्याच समुद्रावर ती कामाची. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर आत घुसून मासळी ओढून नेऊ लागले की बंदी पाळणाऱ्याला वाटतं, आपण मूर्ख ठरलो. मालवणच्या रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, हे शिकवायला नको.

चरीचे शेतकरी

आपल्याकडचा सगळ्यात चिवट संप कारखान्यातला नव्हेच. अलिबागजवळच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी ठरवलं की खोताची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, जमीन कसायची नाही. पुढारी होते नारायण नागू पाटील. पिकाचा मोठा हिस्सा खोताच्या कोठारात जायचा आणि वर नाना तऱ्हेच्या वसुल्या असायच्या. कुळाला जमीन सोडून जायची सोय नव्हती, कारण पुढच्या गावातही खोतच.

मग त्यांनी हातात होतं तेच शस्त्र उचललं, काम थांबवलं. आसपासची पंचवीस गावं त्यात आली. शेतं पडीक राहिली, माणसांनी मिळेल ते काम करून पोट भरलं, आणि हे १९३९ पर्यंत चाललं. मधल्या काळात, सप्टेंबर १९३७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. मुंबई इलाख्याचा कूळ कायदा आला तो १९३९ सालचा.

हा संप टिकला याचं मला वाटतं ते कारण असं. खोताला चरीची जमीन उचलून दुसरीकडे नेता येत नव्हती. कूळ अडकलेलं होतं, पण खोतही तितकाच अडकलेला होता. दोघे एकाच दाव्याला बांधलेले असले की जो जास्त दिवस उपाशी राहू शकतो तो जिंकतो.

मग पोलादी पेटी आली

जागतिकीकरण हा शब्द जडशीळ वाटतो. अर्थ एवढाच की माल, पैसा आणि काम यांना सरहद्दीची अडचण राहिली नाही. माणसाला मात्र राहिली.

हे घडवून आणण्यात एका पेटीचा हात मोठा आहे. आपल्याला पेटी म्हटली की हापूसची आठवते. ही पोलादाची, वीस किंवा चाळीस फुटी. अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याने एप्रिल १९५६ मध्ये ५८ कंटेनर एका बोटीवर चढवून पाठवले. त्याआधी गोणी, खोकी, पिंपं गोदी कामगार एकेक करून उतरवायचे. पेटी आली आणि आठवड्याचं काम तासांवर आलं. वाहतूक इतकी स्वस्त झाली की वस्तू कुठे बनते हा प्रश्नच गौण झाला. आपल्या उरणला न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. त्यासाठी आणि नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं ते त्या लढ्यातून. तोही वाट्याचाच लढा.

आता हीच पेटी आमच्या वाडीत कशी पोचते ते बघा. शेजारच्या वहिनी काजूच्या कारखान्यात जातात. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, वीसेक बायका. उकडलेली काजी, म्हणजे टरफलासकट बी, पायाने दाबायच्या यंत्रात एकेक धरून फोडायची. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हातांना आधी राख किंवा तेल चोळायचं. तरी वहिनींच्या बोटांची टोकं काळी ती काळीच. लग्नाला जायचं असलं की लिंबू घासत बसतात. मग गर भट्टीत तापवून वरची साल काढायची आणि निवडायचं. अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. बाजारात ज्याला डब्ल्यू ३२० म्हणतात तो पांढरा अख्खा गर, एका पौंडात म्हणजे साडेचारशे ग्रॅमला साधारण तीनशेवीस बसतील एवढा. पैसे किलोवर मिळतात आणि तुकडा झाला की दर पडतो.

आमच्या काजी मार्च ते मे. मग पावसात वहिनींच्या शेडमध्ये काम कसलं चालतं? आफ्रिकेच्या काजींचं. आयव्हरी कोस्ट हा आज जगातला सगळ्यात मोठा काजी पिकवणारा देश. त्या काजी व्हिएतनामला जातात, तशाच भारतातही येतात. बागायतदार म्हणतो, बाहेरच्या काजीने आमचा दर पाडला. त्याचं खरं आहे. कारखानदार म्हणतो, बाहेरची काजी नसेल तर आठ महिने शेडला कुलूप. त्याचंही खरं आहे. एकाच वाडीत एकाच घरात सासऱ्याची बाग आणि सुनेची मजुरी आयातीच्या प्रश्नावर एकमेकांविरुद्ध उभी राहते. 'जागतिकीकरण चांगलं की वाईट' असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, सासऱ्यासाठी की सुनेसाठी?

व्हिएतनामने फोडणी-सोलणीची यंत्रं मोठ्या प्रमाणावर आणली आणि काजूगर निर्यातीत पहिला नंबर पटकावला. म्हणजे वहिनींची स्पर्धा आता पलीकडच्या वाडीतल्या बाईशी उरली नाही. ती हजारो किलोमीटरवरच्या एका यंत्राशी आहे, आणि त्या यंत्रावर बसलेल्या, वहिनींनी कधी न पाहिलेल्या बाईशीही. चरीच्या खोताला जमीन हलवता येत नव्हती. काजीची गोण हलते.

दरी किती रुंदावली?

आकडे थोडक्यात. टोमा पिकेटी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अंदाजानुसार, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला सुमारे सहा टक्के वाटा जात होता. २०२२-२३ मध्ये तो २२.६ टक्के झाला. या आकड्यांवर तज्ज्ञांत वाद आहेत, आणि श्रीमंत माणूस आपलं खरं उत्पन्न सांगतो कुठे, हा प्रश्न आहेच. पण दिशेबद्दल फारसा वाद नाही.

जगाचं चित्र जरा वेगळं आहे. ब्रँको मिलानोविच या अर्थतज्ज्ञाने १९८८ ते २००८ या वीस वर्षांत जगात कोणाचं उत्पन्न किती वाढलं याचा आलेख काढला, तो हत्तीसारखा दिसतो. पाठीचा उंचवटा म्हणजे चीन आणि इतर आशियाई देशांतली मधली माणसं, त्यांचं भलं झालं. सोंड खाली येते तिथे श्रीमंत देशांतला कामगार, त्याच्या हाती फार काही लागलं नाही. आणि उचललेलं सोंडेचं टोक म्हणजे जगातले अतिश्रीमंत. तेव्हा 'जागतिकीकरणाने गरीब आणखी गरीब झाले' हे सरसकट विधान खोटं आहे. देशादेशांतलं अंतर थोडं घटलं, देशाच्या आतलं बऱ्याच ठिकाणी वाढलं.

यात युनियनचा संबंध किती? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या दोघी संशोधकांनी २०१५ साली प्रगत देशांचा अभ्यास मांडला. जिथे युनियनचे सभासद घटले तिथे वरच्या दहा टक्क्यांचा वाटा वाढलेला त्यांना आढळला. नाणेनिधीला कोणी लाल बावट्याची शाखा म्हणणार नाही. अमेरिकेत १९५०च्या दशकात दर तीन कामगारांमागे साधारण एक युनियनमध्ये होता. आज तिथल्या खासगी क्षेत्रात हे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास आहे.

"पण संपानेच तर गिरण्या बुडवल्या!"

हा आक्षेप कोकणात घरोघरी आहे, कारण घरोघरी एक आबा आहेत. आणि त्यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणारा प्रामाणिक नव्हे.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढारी होते डॉ. दत्ता सामंत, आपल्या देवबागचे. मागणी पगाराची होतीच. शिवाय ज्या मान्यताप्राप्त युनियनवर कामगारांचा विश्वास उरला नव्हता तिची कायद्याने दिलेली मक्तेदारी काढा, हीही होती. संप वर्षाहून अधिक चालला आणि कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. लोक थकून परतले. अनेकांना परत घेतलं नाही.

तो इतका टिकला कसा? आबा सांगतात, "आमी गावाक येवन पेज खाल्ली, पण संप केलो." संपाचा खरा फंड युनियनच्या तिजोरीत नव्हता, तो सातबाऱ्यावरच्या दोन गुंठ्यांत होता. एरवी गाव चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर जगायचं, त्या वर्षी चाकरमानी गावावर जगला. नाचणी, कुळीथ, भावाची होडी, बायकोची रोजंदारी. म्हणजे गिरणगावच्या संपाचा मोठा बोजा आमच्या बायकांनी उचलला, हे संपाच्या इतिहासात ठळकपणे कुठे येत नाही.

पण समोर खोत नव्हता. गिरणीचं काम तोवर भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सरकू लागलं होतं, जिथे युनियन जवळजवळ नव्हती. अनेक मालकांनी वर्षानुवर्षं नवी यंत्रं घातली नव्हती. आणि गिरणीखालच्या जमिनीची किंमत गिरणीतल्या कापडापेक्षा जास्त होऊ लागली होती. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा काही भाग शहराला आणि काही घरांसाठी द्यायची तरतूद होती. २००१ साली ती फक्त मोकळ्या जागेपुरती आवळली गेली. संप झाला नसता तरी या गिरण्या फार वर्षं टिकल्या नसत्या असं माझं मत. संपाने ते लवकर घडवलं, आणि तडजोडीची वेळ ओळखण्यात पुढारीही चुकले. बंदी गिरणगावात कडक पाळली गेली, पण समुद्र भिवंडीपर्यंत पसरलेला होता.

"जास्त मागाल तर धंदा परदेशी जाईल"

काही धंदे जातील. वहिनींच्या शेडच्या मालकाने एकट्याने दर दीडपट केला तर त्याचा गर महाग होईल आणि तो बाजारातून उठेल. त्याला राक्षस ठरवून उपयोग नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावलं तेव्हा कोळंबीच्या निर्यातदारांची झोप उडाली होती. धक्का वरून खाली सरकत शेवटी कोळंबी सोलणाऱ्या बाईच्या पाटीवर येतो, हेही तितकंच खरं.

पण सगळंच कुठे हलतं? हापूसची बाग व्हिएतनामला नेता येत नाही. बंदर उचलता येत नाही. तारकर्लीच्या हॉटेलातली खोली तारकर्लीतच झाडावी लागते. चौपदरी रस्ता, धक्क्यावरचा बर्फ, रुग्णालयातली आया, ही सगळी जागची कामं. तिथे 'धंदा जाईल' ही भीती बहुतेक वेळा पोकळ असते, आणि तरीही पगार तिथेही कमीच आहेत. म्हणजे कारण फक्त परदेशी स्पर्धा नाही.

आणि हलणाऱ्या धंद्यातही तालुक्यातल्या सगळ्या शेडनी एकच किमान दर पाळला तर निदान शेजाऱ्याकडून कोणी मार खात नाही. स्वीडनमध्ये सरकारने ठरवलेलं किमान वेतनच नाही. धंद्यानिहाय युनियन आणि मालकसंघ बसून दर ठरवतात. तिथे ऑक्टोबर २०२३ मध्ये टेस्लाच्या कामगारांच्या युनियनने असा करार मागत संप पुकारला, तेव्हा गोदी कामगारांनी टेस्लाच्या गाड्या उतरवायला नकार दिला; पुढे डेन्मार्क-नॉर्वेच्या युनियनही सामील झाल्या. करार अख्ख्या धंद्याचा असला की अडवणारे हातही धंद्याबाहेरून येतात.

"युनियन म्हणजे कायम कामगारांची चैन"

या आक्षेपाला मी निम्मा होकार देतो. भारतात दहातले जवळजवळ नऊ कामगार असंघटित. बऱ्याच कारखान्यांत युनियन आहे, पण कायम कामगारांची. शेजारी तेच काम निम्म्या पगारात करणारा कंत्राटी पोरगा तिच्या बैठकीत नसतो. माझ्या भाच्याच्या आधीच्या नोकरीत असंच होतं. करार झाला, पेढे वाटले, त्याला पेढा मिळाला. विकले जाणारे पुढारीही आहेत, त्यावर वेगळं काय लिहू.

पण याच महाराष्ट्राने एक वेगळी वाट काढली होती. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला. हमालाला एक मालक नसतो, आज या पेढीवर, उद्या त्या. म्हणून मंडळ नेमलं. व्यापारी आणि हमाल दोघांची तिथे नोंद. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम) मंडळात भरायची, आणि मंडळाने हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजेचे पैसे द्यायचे. मालक बदलला तरी खातं तेच. माथाडीच्या नावाने खंडणी उकळणारेही पुढे निघाले, तो भाग वेगळा. कल्पना मात्र अस्सल आहे. आंबा काढणीचे गडी, धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या बायका, खलाशी यांना ती लागू का होऊ नये, याचं पटणारं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

बोटीवरचा पोरगा

आता या सगळ्या निराशेला छेद देणारं उदाहरण, तेही घरचं. आमच्या किनाऱ्यावर गावोगाव 'बोटीवर' असलेली मुलं आहेत. सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, काढून मर्चंट नेव्हीत गेलेली. जहाज ग्रीक मालकाचं, झेंडा पनामाचा, खलाशी फिलिपिनो, युक्रेनी आणि आपला दापोलीचा. झेंडा पनामाचा कशाला? तिथे नोंदणी स्वस्त आणि नियम सैल. जागतिकीकरण म्हणतात ते याहून नितळ दुसरीकडे बघायला मिळणार नाही.

म्हणजे इथे पगार तळाला जायला हवा होता. पण वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९४८पासूनच अशा सोयीच्या झेंड्यांविरुद्ध मोहीम चालवली. अनेक बंदरांत त्यांचे निरीक्षक असतात आणि गोदी कामगार पाठीशी असतात. करार नसलेलं जहाज अडकून पडू शकतं, आणि अडकलेलं जहाज मालकाला दिवसाला किती खातं ते मालकच जाणे. खलाशाचं किमान मूळ वेतन आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या टेबलावर जहाजमालक आणि युनियन बसून ठरवतात. साऱ्या जगाला मिळून असं किमान वेतन असलेला हा एकच धंदा. २००६च्या सागरी कामगार करारावर भारताने २०१५ साली शिक्कामोर्तब केलं. मालकाने जहाज टाकून पळ काढला तर चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची हमी देणारा विमा २०१७पासून बंधनकारक आहे.

हे सगळं कागदावर आहे तितकं समुद्रावर नाही. पैसे घेऊन खोट्या जहाजावर पाठवणारे एजंट आपल्याकडे कमी नाहीत, आणि परदेशी बंदरात महिनोन् महिने अडकलेल्या भारतीय खलाशांच्या बातम्या येतच असतात. पण एक लक्षात घ्या. मिरकरवाड्याच्या धक्क्यावरच्या ट्रॉलरचा खलाशी आणि पनामाच्या झेंड्याखालचा खलाशी, दोघांचं पाणी एकच. एकाकडे पगाराचा दर छापलेला करार आहे, दुसऱ्याकडे उचलीची वही. पहिल्याची युनियन त्याच्या बाजाराएवढी रुंद आहे.

नव्या संहितांनी काय बदललं?

आता भाच्याच्या बातमीकडे. २९ जुने केंद्रीय कायदे एकत्र करून चार संहिता केल्या. काही गोष्टी चांगल्या आहेत. नेमणूकपत्र सगळ्यांना. किमान वेतनाचा हक्क आता ठरावीक धंद्यांपुरता नाही, सगळ्या धंद्यांना. किलोवर किंवा नगावर काम घेतलं तरी त्या कामासाठी ठरलेल्या किमान वेतनाखाली पैसे देता येत नाहीत. मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला ग्रॅच्युइटी पाचऐवजी एका वर्षानंतर. भाच्याने हे चार मुद्दे मोबाइलमध्ये लिहून ठेवावेत.

दुसरी बाजू अशी. वाटाघाटीचा एकट्याने हक्क हवा तर युनियनकडे ५१ टक्के कामगार हवेत. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के पुरत होते. कोणाकडेच ५१ नसतील तर किमान २० टक्के असलेल्यांची मिळून परिषद. संपाआधी १४ दिवसांची नोटीस आता सगळ्या उद्योगांना. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरणार. आणि सरकारच्या परवानगीशिवाय कपात किंवा टाळं लावण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. मालकांचं म्हणणं, यामुळे कारखाने मोठे होतील, नोकऱ्या वाढतील. होतीलही. माझं वाचन असं की एकेकट्या कामगाराला कागदावर जास्त मिळालं आणि चौघांनी मिळून काही मागणं मात्र आधीपेक्षा अवघड झालं.

काटा

वहिनींच्या शेडमध्ये वीस बायका, युनियन नाही, पुढारी नाही. गेल्या पावसात मात्र एक झालं. वजनाच्या इलेक्ट्रिक काट्याचा आकडा नेहमी सुपरवायझरच्या बाजूला असायचा. बायकांना फक्त वहीतला आकडा कळायचा, आणि तो घरी अंदाजाने धरलेल्या वजनाशी जुळायचा नाही. दोघी-तिघींनी आधी एकट्याने विचारलं, त्यांना दुसऱ्या दिवशी कमी काम मिळालं.

मग एका दुपारी चहाच्या सुट्टीनंतर कोणीच पाटावर बसलं नाही. भट्टी तापलेली, उकडलेली काजी थंड होत चाललेली, आणि बायका दाराशी उभ्या, हाताला तेल तसंच. कोणी घोषणा दिली नाही. वहिनी सांगत होत्या, बोलायचं कोणी हेसुद्धा ठरलं नव्हतं, शेवटी सगळ्यात म्हातारी होती ती म्हणाली, "काटो हयसर फिरवा, मगे बसतंव."

अर्ध्या तासाने काटा फिरवला. किलोमागचा दर अजून तोच आहे.